बावीस वर्षांचा कोरडा पाइप

माणसाने इमानेइतबारे काम करावं, आणि त्या कामाचा एकदाही उपयोग होऊ नये अशी सगळ्यांनी मनोमन इच्छा धरावी, असं नशीब फार थोड्यांचं असतं. बाहेरच्यांचं तसं होतं.

बाहेरचे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते ज्या तारेच्या कारखान्यात होते तिथे तार ओढण्याआधी लोखंडी सळ्या ॲसिडमध्ये धुवाव्या लागत. ते ॲसिड टाकीपासून धुण्याच्या शेडपर्यंत न्यायचं म्हणजे अर्धा कारखाना ओलांडायचा. लोखंडाचा पाइप ते बघता बघता खाऊन टाकील, म्हणून पाइप फायबरग्लासचा. आणि माणसांच्या डोक्यावरून जायचा, म्हणून पाइपच्या आत पाइप. आतल्यातून ॲसिड वाहणार, वरचा त्याच्याभोवती नुसता पांघरुणासारखा. दोघांच्या मध्ये बोटभर पोकळी आणि पोकळीत एक वायर. आतला कधी गळलाच तर वरच्याने झेलायचं, वायरीने घंटा वाजवायची आणि माणसांनी पळायचं. पाइप जोडणारे जोडारी दोन. एक आतल्या पाइपचे जोड करी, दुसरा त्यावर वरच्या पाइपचे. म्हणून पहिल्याला सगळे आतले म्हणत आणि दुसऱ्याला बाहेरचे. पगारपत्रकावरची नावं फक्त कारकुनाला ठाऊक होती.

आता आतल्यांनी आपलं काम चोख केलं, की बाहेरच्यांच्या पाइपला जन्मात थेंब लागायचा नाही. आणि आतले पक्के चोख निघाले. बावीस वर्षांत या कारखान्यात दोघांनी मिळून किती लाइनी टाकल्या, पण घंटा म्हणून वाजली नाही. दर सोमवारी बटण दाबून वाजवून बघत, तेवढीच.

"आगीचा बंब निदान चौकातून मिरवत तरी जातो," बाहेरचे म्हणत. "माझ्या पाइपात बावीस वर्षांत कोळीसुद्धा फिरकला नाही."

"मग बरंच आहे की," आतले म्हणत. "बसून पगार घे."

बाहेरच्यांचे जोड कोणी तपासलेच नव्हते असं नाही. पोकळीत हवा भरून जोडावर साबणाचा फेस लावत, आणि फुगा येतो का ते बघत. बाहेरच्यांच्या जोडावर कधी फुगा आला नाही. पण बाहेरच्यांचं म्हणणं असं, की साबणाच्या फेसावर पास झालेला माणूस म्हणजे पाण्याबाहेर पोहायला शिकलेला माणूस. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांची एकच इच्छा होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून ते ती फक्त बायकोला सांगत.

"एकदाच गळावं गं. थोडंसंच. कोणाला इजा न होता. आपला पाइप धरतो की नाही एवढं कळावं आणि मग घरी यावं."

"अहो, जिभेला काही हाड?" बायको म्हणे. "लोक देवाकडे मागतात की गळू नये. आणि गळलं तर कोणाचा जोड गळणार, याचा विचार केलात का? व्याह्यांचाच ना?"

ही खरी गोम होती. कारण आतले हे त्यांचे व्याही होते. बाहेरच्यांच्या मुलाला आतल्यांची मुलगी दिली होती. तोवर दोघं एकमेकांना मजेत "अरे गाढवा" म्हणत. लग्न ठरलं तशी दोघांच्या बायकांनी ताकीद दिली, की आता चारचौघांत अहो-जाहो करायचं, पोरीच्या सासरचा मान आहे. तेव्हापासून घरात "या व्याही, बसा व्याही" चाले, आणि परांचीवर चढले की तिसऱ्या पायरीपासून "सरक ना जाडगेल्या". नात झाली, बोलायला लागली, तशी तिने कारखान्यातलीच नावं उचलली. ज्यांच्या घरात ती राहायची ते बाहेरचे आजोबा, आणि जे बाहेरून भेटायला यायचे ते आतले आजोबा. नव्या पाहुण्याला हे समजावून सांगता सांगता घरच्यांची पुरेवाट होई.

या नातीच्या जन्माची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण पुढे ती लागणार आहे.

आठ वर्षांपूर्वी कँटीनवरून जाणारी लाइन टाकणं चाललं होतं. आतल्यांच्या मुलीला दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते आणि अजून काही बातमी नव्हती. घरी बसून जीव खाण्यापेक्षा परांचीवर बरं म्हणून दोघं कामावर आले. फायबरग्लासचा जोड करायचा म्हणजे काचेच्या धाग्यांचे पट्टे रेझिनमध्ये भिजवून पाइपच्या सांध्यावर थरावर थर चढवायचे, आणि छोट्या खाचेदार रुळाने दाबून आतला बुडबुडा न् बुडबुडा काढायचा. रेझिनमध्ये हार्डनर घातला की वीस मिनिटं मिळतात. मग ते गरम होतं आणि दगड बनतं. कोणासाठी थांबत नाही.

आतल्यांनी हार्डनर घातला, डबा ढवळला आणि खालून शिपाई ओरडला, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

आतले परांचीच्या फळीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चष्म्याच्या काचा भरून आल्या, समोरचा सांधा दिसेना.

"खाली जा, पोरीशी बोल आधी," बाहेरचे म्हणाले.

"अरे, रेझिन कालवलंय."

"मी करतो तुझा जोड. त्यात काय सोनं लागलंय? पळ!"

आतले पळाले. बाहेरच्यांनी आतला जोड केला. आनंदाने त्यांनाही काही सुधरत नव्हतं. ते एकीकडे रूळ फिरवत होते आणि दुसरीकडे खालच्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला "आजोबा झालो!" म्हणून ओरडत होते. दुपारी आतले परत आले तेव्हा जोड वाळून तयार होता. "तू माझं काम केलंस, आता तुझं मी करतो," म्हणून त्यांनी हट्टाने त्यावरचा जोड केला. तसं करणं नियमात बसत नव्हतं, म्हणून कोणता जोड कोणाचा याच्या वहीत नेहमीसारखीच नावं लिहिली. दुसऱ्या दिवसापासून दोघं आपापल्या कामाला लागले. दोनशे जोडांच्या लाइनीत तो एक कुठे गेला ते दोघंही विसरले. बाहेरच्यांना विचारलं असतं तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं, की तो टाकीच्या जवळ कुठेतरी आहे.

तर, निवृत्तीला तीन महिने असताना, एका गुरुवारी साडेदहाला, चहाच्या सुट्टीत घंटा वाजली.

सगळ्यांना वाटलं नेहमीचीच चाचणी. कँटीनच्या दारातली रांग हललीसुद्धा नाही. मग कोणीतरी म्हणालं, चाचणी सोमवारी असते. तशी रांग अशी पांगली की कपबशा तशाच राहिल्या. सुरक्षा अधिकारी मॅडमनी पंप बंद करवला. वायर कुठे भिजली ते सांगणाऱ्या पेटीवर आकडा आला होता एकशे बारा मीटर. म्हणजे बरोब्बर कँटीनच्या दारावर.

सगळे दारापासून लांब पळत होते तेव्हा बाहेरचे दाराकडे पळाले. मॅडम मागून ओरडल्या, "मास्क घाला, मास्क!" तेव्हा कुठे थांबले. मग मास्क, चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे असा सगळा साज चढवून, चाकांची परांची दारापाशी ढकलून वर गेले. पाइप वरून राखाडी, कोरडा. त्यांनी निळा कागद काढला. ॲसिड लागलं की तो लाल होतो. तो त्यांनी जोडावरून फिरवला, खालून फिरवला, कडेने फिरवला. कागद निळाच राहिला. त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही निळा.

मग मॅडमनी उताराच्या टोकाची तोटी उघडून पोकळी रिकामी केली. झाकणाच्या बरणीत पिवळट, धुरकट ॲसिड उतरलं. साडेचार लिटर.

"साडेचार लिटर," मॅडम म्हणाल्या. "रात्रीपासून साठत आलं असणार. वायरीपर्यंत पोहोचलं आणि घंटा वाजली. आणि खाली एक थेंब नाही."

बाहेरच्यांनी ती बरणी अशी बघितली जशी त्यांनी आठ वर्षांपूर्वी दवाखान्याच्या काचेतून नात बघितली होती. मास्कच्या आत ते हसत होते. आभाळ ठेंगणं झालं होतं. कँटीनच्या मावशी डाव हातात घेऊनच धावत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पाइपाने माझं डोकं वाचवलं हो! मी बरोब्बर खाली उभी होते." रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी बाहेरच्यांना खांद्यावर घ्यायला निघालं, पण त्यांच्या कपड्यांवरच्या काचेच्या धाग्यांची खाज आठवून मागे सरलं. मॅडमनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "परवा कँटीनमध्ये तुमचा सत्कार!"

या सगळ्या गलक्यात आतले पेटीसमोर उभे होते. आकड्याकडे बघत होते.

"जोड माझा," ते म्हणाले. "वहीत नाव माझं आहे."

मग त्यांनी खिशातून आपला रूळ काढला. लाकडी मुठीचा, त्यांच्या अंगठ्याने मुठीला खळगा पडलेला. तो त्यांनी कोणाला कधी हात लावू दिला नव्हता. तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. "उद्यापासून आतलं काम दुसऱ्याला द्या," एवढं बोलून ते सामानाच्या खोलीकडे चालू लागले. मॅडम मागून काहीबाही समजावत होत्या. ते थांबले नाहीत.

बाहेरच्यांनी हे बघितलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तेवढ्यात मावशींनी त्यांच्या हातात चहा दिला, साखर जास्त घालून, आणि कोणीतरी विचारलं, "बाहेरचे, नक्की कसं काय करता हो तुम्ही जोड?" आणि ते सांगायला लागले. माणूसच ते. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

संध्याकाळी घरी गेले तर अंगावर मूठभर मांस चढलेलं. बायकोने दारातच सांगितलं, "विहीणबाईंचा फोन होता. व्याही जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलेत म्हणे."

"होतं असं कधी कधी. बावीस वर्षांत एक जोड, म्हणजे काही फार नाही," बाहेरचे मोठ्या मनाने म्हणाले.

"आधी तो चेहरा सरळ करा," बायको म्हणाली. "मोठेपणा देताना माणसाने दात तरी झाकावेत."

नातीने वहीतून मान वर केली. तिला गेल्या महिन्यात आठ पूर्ण झाली होती, आणि या वयात हिशेब फार सरळ असतात. "बाहेरचे आजोबा, तुम्ही जिंकलात म्हणजे आतले आजोबा हरले ना?"

"छे गं, तसं नसतं."

"मग कसं असतं?"

 बाहेरचे पाय धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले.

दुसऱ्या दिवशी लाइन पाण्याने धुतली, सोड्याच्या पाण्याने धुतली, निळा कागद आतून-बाहेरून निळा राहीपर्यंत धुतली. आता तो जोड कापून काढायचा, बघायचा आणि नवा करायचा. आतल्यांनी सामानाच्या खोलीतून बाहेर यायला नकार दिला. तेव्हा बाहेरचे एकटेच वर चढले. खाली मॅडम वही घेऊन उभ्या, आणि उघडपणे काही काम नसताना मावशीही.

इथे त्या दोघांची एक पद्धत सांगायची राहिली. जोड पुरा करताना शेवटचा जाळीचा थर घालायच्या आधी ते त्याखाली कागदाची एक चिठ्ठी ठेवत. काडेपेटीएवढी. तिच्यावर तारीख आणि खूण. बाहेरच्यांची खूण गोल, आतल्यांची टिंब. वरून रेझिन लागलं की थर काचेसारखा आरपार होई आणि चिठ्ठी बर्फात अडकल्यासारखी आत दिसत राही. जोडाबद्दल पुढे कोणी काही विचारलं तर जोडानेच सांगावं, म्हणून. आतल्या जोडाची चिठ्ठी अर्थात वरच्या पाइपखाली झाकली जाई. आणि वरच्या पाइपला शेवटी उन्हापासून जपायला राखाडी रंग देत, तेव्हा तीही झाकली जाई. म्हणजे चिठ्ठ्या होत्या सगळीकडे आणि दिसत नव्हत्या कुठेच.

बाहेरच्यांनी पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडला. आपला गोल बघायचा होता त्यांना. खरं तर मॅडमना वर बोलावून तो दाखवायचा असाही एक छोटासा बेत होता. रंगाखालून चिठ्ठी दिसायला लागली. तारीख दिसली आणि त्यांचा हात थांबला. नातीचा वाढदिवस.

त्यांनी उरलेला रंग खरवडला. तारखेशेजारी टिंब होतं.

टिंब म्हणजे आतले. मग त्यांनी ग्राइंडर चालू केला, वरचा पाइप दोन बाजूंनी कापला, कवच अलगद उतरवलं आणि आतला जोड पुसला. त्याच्या थरात तीच तारीख, आणि शेजारी त्यांच्याच हातचा गोल. जरा वाकडाच आलेला, कारण तो काढताना ते कोणाला तरी "आजोबा झालो!" म्हणून सांगत होते. गोलापासून चार बोटांवर जोड फुटला होता.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. बाहेरच्यांचं मुसळ आठ वर्षं कँटीनच्या दारावर लटकत होतं, आणि काल त्याच्याच खाली उभं राहून त्यांनी चहा घेतला होता.

ग्राइंडर हातात होता. चिठ्ठ्या काडेपेटीएवढ्या. एकेक घास, की दोन्हींचा भुसा. वहीत आतल्यांचं नाव होतंच. खालून काही दिसत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि उद्या तर सत्कार होता. बाहेरच्यांच्या मनात हे आलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. आलं. चांगलं घोळलं. त्यांनी ग्राइंडर किंचित उचललासुद्धा.

मग त्यांना तो टेबलावर ठेवलेला रूळ आठवला, मुठीला खळगा पडलेला. आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. त्यांनी ग्राइंडर बंद करून फळीवर ठेवला. आणि कसं कोण जाणे, त्या लाजेच्या खालून हसू यायला लागलं. आधी पोटात, मग खांद्यात. आठ वर्षं! टाकीजवळ म्हणे!

"ए आतल्या!" ते परांचीवरून ओरडले. सगळा कारखाना ऐकत होता. "वर ये! ए गाढवा, वर ये म्हणतो ना!"

सामानाच्या खोलीचं दार उघडलं. आतले उन्हात डोळे बारीक करून उभे राहिले. उतरलेलं तोंड, दाढीचे खुंट. ते हळूहळू परांची चढले आणि तिसऱ्या पायरीच्याही आधी पुटपुटले, "लोकांसमोर अहो म्हणायचं ठरलंय आपलं."

"ते मग. आधी हे बघ."

आतल्यांनी वरच्या कवचावरचं टिंब बघितलं. खालच्या जोडातला गोल बघितला. तारीख बघितली. पुन्हा टिंब बघितलं. मग चष्मा नाकावर ओढून ते फुटलेल्या जागेवर वाकले, जसे ते प्रत्येक जोडावर वाकत.

"पहिला थर जाड घातलास," ते म्हणाले.

"हो."

"आतल्या जोडाला पहिला थर पातळ लागतो. मलमलीसारखा. नाहीतर ॲसिड जाड धाग्यांतून वातीसारखं चढतं. तुला चांगलं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे रे. हात आपला रोजच्यासारखा चालला. वरच्याला कुठे पातळ लागतो? आणि... नात झाली होती."

आतल्यांनी कवच उचललं आणि त्याची आतली बाजू उजेडाला धरली. रात्रभर ॲसिड बसलं होतं तिथे डाग नव्हता की ओरखडा नव्हता. बशीसारखी लख्ख.

"हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज हलायला लागला. "मी वरच्यालाही पातळ थर घातलाय. काही गरज नव्हती. कशाला घातला असेल मी?"

"तुझाही हात रोजच्यासारखा चालला."

आतल्यांनी तोंड दाबून धरायचा प्रयत्न केला. पण तो तोंडाचा मामलाच नव्हता. दोघं परांचीच्या फळीवर बसले आणि हसायला लागले. असे हसले की परांची हलली, आणि मावशी खाली डाव वर करून ओरडल्या, "अहो, पडाल! दोघांना बाहेरचं काही झालंय का?" तसे ते आणखीच हसले. डोळ्यांतलं पाणी पुसावं तर हाताला काचेची खाज, म्हणून एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत तसेच गळत बसले.

मग बाहेरच्यांनी वरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गळलेला जोड माझा. झेलणारा जोड व्याह्यांचा. वहीतली दोन्ही नावं चुकीची आहेत आणि चूक आमची आहे. मॅडमनी वही मिटली.

"अशी अदलाबदल अजून कुठे केली आहे? खरं सांगा."

"नाही हो मॅडम," आतले म्हणाले. "नात एकच आहे."

मॅडमना हसू लपवायला वही तोंडासमोर धरावी लागली. "दोघांनाही लेखी ताकीद मिळेल," त्या वहीमागून म्हणाल्या. "आणि उद्याच्या सत्काराचं काय करायचं?"

"एका खुर्चीवर दोघांना बसवा," मावशींनी निकाल दिला. "बसत नसतील तर उभे राहतील."

मॅडमनी कोणाला तरी आपल्या टेबलाकडे पिटाळलं. रूळ हातोहात वर आला. आतल्यांनी तो विजारीला पुसला आणि खळग्यात अंगठा ठेवला. नव्या जोडाची तयारी सुरू झाली. आतल्यांनी पट्टे कापले, आधी पातळ, मग जाड. बाहेरच्यांनी पाइपची टोकं घासली.  फळीवर बाजूला कापलेलं कवच पडलं होतं, आणि बाहेरच्यांची नजर सारखी तिकडे जात होती.

"माझा असता तरी टिकला असता," ते शेवटी म्हणाले. कोणाला उद्देशून नाही, असंच.

आतले थांबले. त्यांनी मान वर केली. या एका माणसाने बाहेरच्यांचे सगळे जोड बावीस वर्षं हातभर अंतरावरून बघितले होते, आणि त्याबद्दल एक चकार शब्द काढला नव्हता.

"टिकला असता," आतले म्हणाले. "तुझ्या भरवशावरच मी आतले जोड करत आलो. नाहीतर डोक्यावरून ॲसिड न्यायची माझी छाती होती होय? मलाही रात्री झोप लागायला हवी ना."

 बाहेरच्यांनी उगीचच घासलेलं टोक पुन्हा घासलं. साबणाच्या फेसाने दिलेली सगळी प्रमाणपत्रं एकीकडे आणि हे एकीकडे.

"काय गंमत बघ," ते म्हणाले. "मला वाटायचं, एकदा तरी कोणाचं तरी गळावं आणि मी झेलावं. शेवटी गळलो मीच. आणि झेललंस तू."

"मग? व्याही कशाला असतात?" आतले म्हणाले. "बोलत काय बसलास, डबा धर. हार्डनर घातलाय मी."

बाहेरच्यांनी डबा धरला. आतल्यांनी पातळ थर चढवला, मग जाड, मग पुन्हा जाड, आणि प्रत्येक थरावर रूळ फिरला. शेवटचा थर बाकी राहिला तेव्हा बाहेरच्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर आजची तारीख घातली आणि सवयीने गोल काढून मोकळे झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा जोड आतला आहे.

ते चिठ्ठी फाडायला निघाले, तेवढ्यात आतल्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली. कानावरची पेन्सिल काढली, गोलाच्या बरोबर मधोमध एक टिंब दिलं आणि चिठ्ठी जागेवर चिकटवली. बाहेरच्यांनी डबा वाकडा केला. रेझिन गरम व्हायला लागलं होतं.